विहिरीतला दम

वाईजवळच्या आमच्या गावात पोरांचा नियम होता: विहिरीच्या तळाची माती मुठीत आणली तरच बुडी खरी. दम धरायला मी तिथे शिकलो. त्यामुळे अंदमानात हॅवलॉकला स्कूबाचा कोर्स करताना पाण्याची भीती अशी वाटलीच नाही. तेच नडलं.

कोर्स पार पडला आणि दुसऱ्या दिवशी बोटीने डाइव्हला गेलो. वेट बेल्ट (पाण्यात खाली जाता यावं म्हणून वजनं ओवलेला पट्टा) कमरेला काचत होता म्हणून मी गुपचूप दोन किलोचं एक वजन काढून ठेवलं. उतरताना जरा जोर लावावा लागला, एवढंच. पण भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेलाच अडीच किलोच्या आसपास वजन असतं. ती संपत जाते तसतसे आपण हलके होत जातो. हे परीक्षेत लिहून मी पूर्ण गुण मिळवले होते!

१२ मीटरवर सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा ६० बारला आला. इन्स्ट्रक्टरने अंगठा वर केला. (पाण्याखाली याचा अर्थ ‘मस्त’ नाही, ‘वर चला’.) थोडा वर सरकलो आणि लक्षात आलं, पाय मारत नाहीये तरी मी चढतोय. अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरली की आपण वर येतो, सोडली की खाली जातो. ती हवा सोडायला डाव्या हाताने जॅकेटची नळी धरली. तिच्या टोकाला दोन बटणं असतात, एक भरायचं, एक सोडायचं. घाबरून मी भरायचंच दाबलं. काखेखाली जॅकेट टम्म फुगलं. मनगटावरचा कॉम्प्युटर पिंपिं करायला लागला, खालचं प्रवाळ झरझर लांब गेलं.

आणि मी काय केलं? विहिरीतल्यासारखा दम धरला.

विहिरीत ते चालतं. वरची हवा छातीत घेऊन खाली जायचं, ती दबते, वर आलं की होती तेवढी होते. इथे मी १२ मीटरवरची, दाबाखालची हवा ओढली होती. वर पोचेपर्यंत ती २.२ पट होणार. तिला वाट दिली नाही तर फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्या क्षणी यातलं काही आठवलं नाही. आठवला तो कोर्समधला ‘आऽऽऽ’, वर येताना श्वास सोडत राहायला शिकवलेला. तोंडातल्या रेग्युलेटरमध्येच (ज्यातून सिलिंडरची हवा ओढतो त्यात) मी आऽऽऽ केलं आणि बुडबुडे सुटले. तेवढ्यात इन्स्ट्रक्टरने माझ्या पायातली फिन पकडली, जॅकेटच्या मागची दोरी ओढून हवा काढली. वेग कमी झाला, तरी पाण्यावर आलोच. वर येताना मिनिटाला ९ मीटर, मग ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा, असं ठरलं होतं. मला सगळे मिळून वीसेक सेकंद लागले असतील.

बोटीवर तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. “सीने में दर्द? हाथ-पैर में झुनझुनी? नाक को उंगली लगाओ.” दर पंधरा मिनिटांनी तेच. काही दुखत नव्हतं, पण विचारलं की दुखल्यासारखं वाटायचं. तसं काही झालं असतं तर पोर्ट ब्लेअरचं नौदलाचं रुग्णालय गाठावं लागलं असतं, समुद्र ओलांडून. दुसरी डाइव्ह रद्द झाली. वजनाचं मी संध्याकाळी कबूल केलं. इन्स्ट्रक्टर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यालगत, छातीभर पाण्यात, वजनाची चाचणी. ५० बार उरलेला सिलिंडर, जॅकेट रिकामं, साधा श्वास घेऊन गुडघे वर ओढायचे. पाणी डोळ्यांपाशी आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर बुडलं पाहिजे. चार किलोवर मी बुचासारखा तरंगलो. सहावर बरोबर बसलो. मग डोळे मिटून वीस वेळा बटणं ओळखली: नळी खांद्याच्या वर, अंगठा टोकावर. नळी खाली धरली तर हवा बाहेर येतच नाही, ती वर चढते ना!

त्यानंतरच्या डाइव्हला ५ मीटरवर बोटीच्या दोराशेजारी थांबलो, दोर न धरता. तीन मिनिटं फार लांबतात. इन्स्ट्रक्टर माझ्याकडे बघून हसत होता, कारण मी विनाकारण, हळू आवाजात, आऽऽऽ करत होतो.