डाव्या पायाचे शिक्षण

मंगळवार

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. नियमानुसार ते असायलाच हवेत, आणि नवशिक्याच्या हाती भर रस्त्यावर गाडी देणाऱ्याला त्यांचा आधार लागणारच. पण गेले काही दिवस मला शंका येत होती की गाडी मी एकटी चालवत नसून आम्ही दोघे मिळून चालवत आहोत, आणि त्यातला अवघड वाटा सर उचलत आहेत. म्हणून आज त्यांना थोडा वेळ पाय मागे घेण्याची विनंती केली. "घेतो मॅडम, पण बंद पडली तर घाबरायचं नाही," असे म्हणून त्यांनी पाय मागे घेतले, आणि माझी शंका खरी ठरली. चौकापासून चौकापर्यंत गाडी इतकी बंद पडत गेली की मागच्या रिक्षावाल्याने अखेर हॉर्न वाजवायचे सोडून दिले.

शाळेतल्या सहकारी मला ऑटोमॅटिक गाडी शिकण्याचा सल्ला देतात. तो चुकीचा नाही. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला आपोआप चालवणारी पद्धत, आली, तेव्हापासून मध्यमवर्गीय घरातही बिनक्लचची गाडी परवडू लागली. खरे म्हणजे तिच्यात क्लच असतोच, फक्त तो दाबण्या-सोडण्याचे काम आपला पाय न करता संगणकाच्या हुकमाने एक यंत्र करते. माझी अडचण वेगळी आहे. सासवडला अण्णांच्या दारात गिअरची गाडी उभी आहे, डोळ्यांमुळे अण्णांनी ती चालवणे सोडले आहे, चुलतभाऊ जेजुरीच्या एमआयडीसीत पाळीवर असतो, आणि रात्री-अपरात्री त्यांना पुण्याला आणायचे झाले तर गाडी असून नसल्यासारखी आहे. ती विकून दुसरी घ्यावी असे सुचवण्याचे धाडस घरात कोणाला नाही, मलाही नाही.

गुरुवार

"क्लच दाबा, फर्स्ट टाका, हळूहळू सोडा, हळूहळू रेस द्या." हे वाक्य सगळे शिक्षक म्हणतात, आणि माझ्या मते त्यातला 'हळूहळू' हाच शब्द शिकणाऱ्याला सर्वांत जास्त नडतो. क्लचचा सगळा प्रवास हळू करायचा नसतोच. पेडल तळापासून वर येताना सुरुवातीचा भाग मोकळा असतो. तिथे पाय भरभर उचलला तरी काही बिघडत नाही. मग एक जागा येते, जिथे इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, बॉनेट अगदी थोडे उचलल्यासारखे वाटते आणि सीटमधून एक बारीक थरथर जाणवते. तिथे पाय थांबवायचा, गाडी हलून चालीला लागेपर्यंत तसाच धरायचा, आणि त्यानंतर उरलेला भाग सोडून द्यायचा. मी मात्र सांगितल्याप्रमाणे सगळाच प्रवास सारख्या संथ गतीने करत होते, आणि नेमक्या त्या जागेवरून न थांबता पुढे जात होते.

आत काय घडते ते मी रात्री नीट समजून घेतले. इंजिनाबरोबर सतत फिरणारे एक जड चाक असते, फ्लायव्हील. त्याच्यासमोर गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली, दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असलेली, साधारण ताटलीएवढी क्लच प्लेट असते, आणि एक भक्कम स्प्रिंग तिला त्या चाकावर दाबून धरते. पेडल दाबले की ती पकड सुटते आणि इंजिन एकटेच फिरत राहते. पेडल सोडले की दोन्ही एक होऊन फिरतात. या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचमध्ये, प्लेट घसरत घसरत वेग पकडते, आणि या घसरण्याचीच सगळी उष्णता होते. चढावर हाफ क्लचवर गाडी फार वेळ तोलून धरली की जो करपट वास येतो तो त्या अस्तराचा.

पेट्रोल इंजिन शून्य फेऱ्यांवर जोर देऊ शकत नाही, हे सगळ्या भानगडीचे मूळ आहे. नुसते चालू असताना ते मिनिटाला साधारण आठशे फेऱ्या घेते, त्याच्या फार खाली ओढले की बंद पडते, आणि चाके तर शून्यावर उभी असतात. आठशे आणि शून्य यांच्यात समेट घडवायचे काम त्या ताटलीकडे आणि माझ्या डाव्या पायाकडे आले आहे.

रविवार, सासवड

पालखीतळ मोकळा होता. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगात 'एल' काढून पुढे-मागे लावला. नियमात पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे असे आहे, आणि गणिताच्या बाईंनी ते पट्टीने मोजून काढले यावरून चुलतभाऊ बराच वेळ हसत होता. परवाना असलेला माणूस म्हणून तो शेजारी बसला, आणि अण्णा मागे.

आज एक्सलरेटरला पायच लावायचा नाही असे मी ठरवले होते. सपाट जागा, फर्स्ट गिअर, आणि नुसता क्लच. त्या जागेपर्यंत सोडायचा, थांबायचे, गाडी आपसूक सरकू लागली की उरलेला सोडायचा, पुन्हा दाबून थांबवायची. दोन-चार झटक्यांनंतर गाडी माणसाच्या झपझप चालीने जाऊ लागली आणि बंद पडेना. हा सराव पहिल्याच दिवशी का देत नाहीत, हे मला खरोखर कळलेले नाही. त्यात पायाला एकच गोष्ट शिकायची असते, त्यामुळे ती कळते. दोन्ही पायांना एकदम विरुद्ध दिशेने कामाला लावले तर झटका नेमका कोणाच्या चुकीने बसला याचा पत्ता लागत नाही.

मागून अण्णांचा घोष चालूच होता : "रेस दे, बाळ, रेस दे! अशाने उठायची नाही गाडी." गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत उठत होती, तरीही. चहाच्या वेळी त्याचा उलगडा झाला. अण्णा पहिल्यांदा शिकले ते मुंबईत, ओळखीच्या टॅक्सीवाल्याच्या प्रीमियर पद्मिनीवर, जिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असायचा. पुढे कित्येक वर्षे त्यांनी मारुती ८०० चालवली, चार गिअरची, ७९६ सीसीची. त्या दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर होता, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा, संगणकाविना चालणारा भाग. इंजिनावर अचानक ओझे आले तर जास्तीचे पेट्रोल द्यायला तिथे चालकाच्या पायावाचून कोणी नव्हते, त्यामुळे रेस न देता क्लच सोडणे म्हणजे बहुधा गाडी बंद पाडणेच होते. २००० च्या सुमारास आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत इंजेक्शनची, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारण्याची पद्धत रुळली, आणि आता फेऱ्या घसरू लागल्या की संगणक स्वतःच हवा आणि पेट्रोल वाढवून इंजिनाला सावरतो. अण्णांचा सल्ला त्यांच्या त्या जुन्या गाड्यांसाठी तंतोतंत बरोबर होता. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "असेल. पण चढावर काय करशील?" हा प्रश्न रास्त आहे. चढावर संगणकाचे बळ पुरत नाही, तिथे रेस द्यावीच लागते.

सोमवार

वह्या तपासून झाल्यावर एक हिशेब मांडला. लहान गाडीत पहिल्या गिअरचे प्रमाण साधारण साडेतीन असते आणि पुढे चाकांपर्यंत जाताना आणखी सुमारे चारपट घट होते, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी इंजिनाच्या चौदा फेऱ्या. इंजिन आठशेवर असेल तर चाक मिनिटाला सत्तावन्न वेळा फिरेल, आणि चाकाचा परीघ पावणेदोन मीटर धरला तर गाडी मिनिटाला शंभर मीटर जाईल. ताशी सहा किलोमीटर! कालच्या पालखीतळावरची झपझप चाल ती हीच. याच रीतीने दुसऱ्या गिअरमध्ये किमान वेग अकराच्या आसपास येतो, तिसऱ्यात सोळा, आणि प्रमाण पाऊणच्या आसपास असलेल्या पाचव्यात अठ्ठावीस.

हे आकडे कागदावर आले आणि मनातली एक गाठ सुटली. 'वीसला सेकंड, तीसला थर्ड' अशी घोकंपट्टी मी आजवर पाढ्यांसारखी करत होते. पण प्रत्येक गिअरला त्याची एक खालची पायरी आहे, तिच्याखाली तो गाडी ओढू शकत नाही आणि अंग झटकू लागतो, एवढे कळल्यावर घोकायचे काही उरत नाही. गतिरोधकावर वेग आठ-दहावर आला की तिसरा गिअर का कुरकुरतो आणि दुसरासुद्धा का काठावर असतो, ते आता मला काट्याकडे न बघता ऐकू येते.

(गिअर टाकताना आवाज येत नाही याचे श्रेय मात्र माझे नाही. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते आधी समान गतीला आणणारी सिंक्रोमेशची युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅकने आणली. त्याआधी, आणि जुन्या ट्रकवर त्यानंतरही कितीतरी वर्षे, चालक प्रत्येक बदलाला दोनदा क्लच दाबून मध्ये इंजिनाची गती स्वतः जुळवत असत. पुष्कळ छोट्या गाड्यांच्या रिव्हर्सला आजही ही सोय नसते, म्हणून गाडी पूर्ण थांबण्याआधी रिव्हर्स टाकला की दाते करकरतात.)

शुक्रवार

कच्चा परवाना निघून तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्यासाठी चाचणी देता येत नाही. ती मुदत संपली आणि आज चाचणी झाली. इंग्रजी आठच्या आकाराचा मार्ग, उलट गाडी घेणे, आणि चढावर थांबून मागे न घरंगळता पुन्हा निघणे. आठ आकड्याला लोक उगाच घाबरतात. पहिल्या गिअरमध्ये, एक्सलरेटरशिवाय, ताशी सहाच्या चालीने गेले की दोन्ही हात स्टिअरिंगला मोकळे राहतात. माझ्यापुढचा एक तरुण मुलगा तिथे रेस देत होता आणि ब्रेकही मारत होता. चढावर हँडब्रेक ओढला, फर्स्ट टाकला, थोडी रेस धरून आवाज जड होईपर्यंत क्लच आणला, बॉनेट उचलल्याची खात्री केली, मग हँडब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. पास.

रविवार

दिवे घाट. जाताना हडपसरहून फुरसुंगी, वडकी ओलांडून चढ लागला तेव्हा गाडी चुलतभाऊ चालवत होता. परतीचा उतार माझ्याकडे आला. अण्णा आज हट्टाने पुढच्या सीटवर बसले. विठ्ठलाच्या मूर्तीपाशी आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "ज्या गिअरला घाट चढलो, त्याच गिअरला उतरायचा." हा नियम कार्ब्युरेटरच्या काळात जितका खरा होता तितकाच आजही आहे, कारण उतारावर गाडीचे वजन चाकांमार्फत इंजिनाला फिरवू पाहते आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन त्याला दाद देत नाही. तेच काम नुसत्या ब्रेकवर टाकले तर ब्रेक तापत जातात आणि तापलेल्या ब्रेकची पकड ढिली पडते. कठीण वळणांना दुसरा, मोकळ्या तुकड्यांत तिसरा. डाव्या पायाला काही काम नव्हते आणि तो मी मुद्दाम क्लचपासून दूर, खाली टेकवून ठेवला होता. पेडलवर नुसता विसावलेला पायसुद्धा रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचची पकड सोडवणारा भाग, झिजवतो.

मध्येच एक गाडी न्यूट्रलमध्ये भरधाव खाली गेली. पेट्रोल वाचते या समजुतीने लोक असे करतात. अण्णांच्या पिढीत त्याला थोडा आधार होता. आताच्या इंजिनात मात्र हिशेब उलटा झाला आहे. गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरचा पाय काढून उतरले की संगणक पेट्रोल जवळजवळ बंदच करतो, कारण चाके इंजिनाला फिरवतच असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे जोखीम पत्करायची आणि वर पैसेही घालवायचे. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा नियम आहे. एका वळणावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरसाठी मी थांबले आणि मागच्याने त्याबद्दल हॉर्न वाजवला. ओझे घेऊन चढावर थांबलेल्या ट्रॅक्टरला पुन्हा उठवायला काय पडते, हे त्या मागच्याला पालखीतळावर नेऊन शिकवले पाहिजे.

डाव्या हाताला मस्तानी तलाव दिसला असे अण्णा म्हणाले. मी पाहिला नाही.

बुधवार

घाटापेक्षा हडपसरचा गाडीतळ जड गेला. तासाभराच्या गर्दीत डाव्या पोटरीत गोळा आला. त्यावर माझा उपाय असा की पुढची गाडी हातभर सरकली म्हणून आपण सरकायचे नाही. थोडी जागा साठू द्यायची आणि मग फर्स्टमध्ये, क्लच पूर्ण सोडून, त्या सहाच्या चालीने जायचे. जास्त वेळ थांबायचे असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. साठू दिलेल्या जागेत दुचाकीवाले शिरतात, हे खरे आहे. त्यांना शिरू द्यावे. क्लच प्लेट बदलण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

रुग्णालयाच्या आवारात उतारावरच जागा मिळाली. तोंड खाली होते म्हणून रिव्हर्स टाकून, हँडब्रेक ओढून गाडी उभी केली. अण्णांनी उतरल्यावर पुढच्या चाकाला दगड लावला तो लावलाच. त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा ठरले आहे आणि त्या दिवशी सकाळी सातला हजर व्हायचे आहे. म्हणजे घाट अंधारात उतरावा लागणार, आणि समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर असताना मी अजून एकदाही गिअर बदललेला नाही. या रविवारपासून संध्याकाळी सातनंतर सासवड-जेजुरी रस्त्यावर सराव. चुलतभावाची पाळी बघून घ्यायची आहे.