समुद्राच्या पुस्तकातलं कासवाचं पान जमलं

३ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी ओढायच्या पट्ट्या आणि उघडायच्या झडपांचं समुद्री प्राण्यांचं पुस्तक करतोय. त्यात एक गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवली आहे: मूल हाताने जे करेल, ते त्या प्राण्याचं खरं वागणं असलं पाहिजे. झडप उचलली आणि खाली मासा दिसला, एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

सध्या ऑलिव्ह रिडले कासव हातात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, सुमारे ५० दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळूवर पिल्लू पुढचे पाय आळीपाळीने टाकतं आणि पाण्यात शिरलं की दोन्ही एकदम वल्ह्यांसारखे मारतं. हे मला फार सुंदर वाटतं, म्हणून कासवाला दोन पानं दिली.

वाळूच्या पानावर दोन्ही पाय एकाच तुकड्यातून कापले आणि मधोमध एकच खीळ (जिच्याभोवती तुकडा फिरतो ती) ठेवली. पट्टी एका बाजूला जोडली, त्यामुळे उजवा पाय पुढे गेला की डावा आपोआप मागे. पाण्याच्या पानावर पाय वेगळे, प्रत्येकाची खीळ खांद्यापाशी, आणि आतली टोकं एकाच पट्टीला. पट्टी शेपटीकडे ओढली की दोन्ही पाय पुढे, आत ढकलली की दोन्ही मागे. पिल्लू पोहायला लागतं!

खिळी कागदाच्याच, दोन चकत्या चिकटवून केलेल्या. धातूची पिन किंवा चुंबक लहान मुलांच्या पुस्तकात नकोच, सुटलं की थेट तोंडात जातं. कार्ड ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), आणि पट्टी कागदाच्या तंतूंच्या दिशेनेच कापायची. आडवी कापलेली पट्टी ढकलताना वाकते. पट्टीचं आतलं टोक इंग्रजी टीसारखं रुंद ठेवलं, म्हणजे कितीही जोरात ओढली तरी हातात येत नाही.

समुद्रघोड्याचं पान सोपं: बाबाच्या पोटाची पिशवी उघडली की आत पिल्लं.

आता ऑक्टोपस. तीन हृदयांसाठी तीन झडपा ठरल्या आहेत, दोन कल्ल्यांची आणि एक बाकीच्या शरीराचं. रंग बदलायला मागे फिरती चकती लावायची आहे, पण तिची कड छोट्या बोटांना नीट पकडता यायला हवी. कडेला खाचा पाडाव्यात की चकती पानाबाहेर थोडी काढावी? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.