चिंच, आमसूल आणि मंगळूर

वेंगुर्ल्याच्या घराची जुनी कौलं उतरवली तेव्हा मी सातआठ वर्षांची असेन. आजोबांनी त्यातलं एक उलटं धरून त्यावरची उठावाची अक्षरं मला बोटाने गिरवायला लावली होती. 'मंगलोर' एवढंच तेव्हा कळलं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने १८६५ साली तिथे कौलांचा कारखाना काढला आणि नदीकाठच्या चिकणमातीची ती कौलं गलबतांतून आमच्या किनाऱ्यावर उतरली, हे पुढे वाचनात आलं. ज्या गावाने आमच्या डोक्यावर छप्पर घातलं त्या गावात लोक जेवतात काय, हा प्रश्न मात्र पुण्याच्या हॉस्टेलात पडला. माझ्या खोलीत मंगळूरची मुलगी होती. तिच्या आईने पाठवलेला बांगड्याचा लाल मसाला आणि माझ्या आईने दिलेली सोलं, म्हणजे आमसुलं, एकाच फळीवर असायची.

कॉलेज संपून बारा वर्षं झाली. या जानेवारीत तिने सरळ बजावलं, "आता कारणं पुरे, घरी या." मुंबईहून आमचे दोस्त दादरकर आणि सातारकरीण निघाले, मी कुडाळला रात्रीच्या गाडीत चढले. दादरकर मासेखाऊ, सातारकरीण पक्की शाकाहारी. कोकण रेल्वेचा मार्ग मंगळूरच्या उंबरठ्यावर, थोकूरला संपतो. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर माड, भातखाचरं, लाल माती. क्षणभर वाटलं, गाडी रात्रभर हललीच नाही.

स्टेशनवर मंगळूरकरीण उभी होती. तुळूत, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेत, या शहराला कुड्ल म्हणतात, कोंकणीत कोडियाल, ब्यारी या किनाऱ्यावरच्या मुस्लिम समाजाच्या भाषेत मैकाल, मल्याळममध्ये मंगलापुरम. रिक्षात बसता बसता तिने ही सगळी नावं सांगितली. कुडाळहून कुड्लला आले म्हटल्यावर ती खूश झाली. तिच्या मते खाताना ही नावं लक्षात ठेवायची, कारण प्रत्येक नावाचं स्वयंपाकघर निराळं आहे.

पहिला नाश्ता सातारकरणीसाठी होता. हंपनकट्ट्याजवळच्या एका जुन्या हॉटेलात बन्स मागवले. नावावरून पाव डोळ्यांसमोर येतो, पण हे असतं पिकलेलं केळं, दही आणि मैदा एकत्र मळून रात्रभर ठेवलेलं पीठ, पुरीपेक्षा जाड लाटून तळलेलं. बाहेरून तपकिरी, आत जाळीदार, गोडसर, मधूनच जिरं लागतं. सोबत खोबऱ्याची चटणी आणि सांबार. सातारकरणीने पहिला घास नुसता खाल्ला, दुसरा चटणीला लावून, आणि मग कुणाशीही न बोलता दोन संपवले. वर फिल्टर कॉफी. संध्याकाळी त्याच भागात गोळी बजे खाल्ले: मैदा आणि दह्याच्या आंबवलेल्या पिठात आलं, मिरची, खोबऱ्याचे बारीक तुकडे घालून तळलेले गोळे. ते गरमच खायचे. पाच मिनिटांत चिवट होतात, त्यामुळे पुडीत बांधून नेण्याचा बेत मंगळूरकरणीने मोडून काढला आणि तिचं बरोबर होतं.

दुपार मात्र माझी होती. जुन्या बंदराच्या भागाला तिथे बंदरच म्हणतात आणि मासळी उतरते त्या जागेला दक्के. आपला धक्का तो. हे शब्द ऐकत, भरलेल्या पाट्यांच्या बाजूने वाट काढत आम्ही एका अरुंद खानावळीत शिरलो. बाकड्यावर जागा मिळेल तिथे बसायचं. ताटात उकड्या तांदळाचा जाड लालसर भात, त्यावर पातळ तिखट सार, बाजूला भाजी, लोणचं. मग वाढपी तळलेल्या मासळीचं ताट घेऊन येतो आणि तुम्ही बोट दाखवायचं. अंजल म्हणजे आपली सुरमई, बंगुडे म्हणजे बांगडा, भूताय म्हणजे तारली, काणे म्हणजे मुडदुशी. मी काणेवर बोट ठेवलं. आमच्याकडे मुडदुशी आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात, हलका मासा म्हणून. इथे ती राजाच्या थाटात येते: लाल मसाला, वर रवा, अख्खी तळलेली. पाठीवरून बोट फिरवलं की मांस दोन्ही बाजूंनी सुटतं आणि काटा उभाच्या उभा हातात येतो.

खरी चकित झाले ती बांगड्याच्या पुळीमुंचीने. पुळी म्हणजे आंबट, मुंची म्हणजे मिरची, नावातच पाककृती. हॉस्टेलच्या फळीवरचा लाल मसाला तो हाच. ब्याडगी मिरची, धणे, जिरं, मिरी, थोडी मेथी, ओवा, लसूण आणि चिंच. खोबरं नाही. कोकणातल्या माणसाला खोबऱ्याविना माशाची आमटी म्हणजे पाटाशिवाय जेवण. त्यातून आम्ही बांगड्याला आमसूल घालतो आणि तिरफळं ठेचून टाकतो. आमसुलाचा आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो आणि निघून जातो. चिंचेचा घशापर्यंत उतरतो आणि मिरचीला धरून बसतो. बांगडा तेलकट मासा, त्याला हा दणका पेलतो. दादरकराने आणखी भात घेतला तो त्या मसाल्यासाठी, माशाचा तुकडा केव्हाच संपला होता. मंगळूरकरीण म्हणाली, पुळीमुंची आज करायची आणि उद्या खायची, तेव्हा मुरते.

म्हणजे त्यांना आमसूल ठाऊक नाही असं मला वाटलं होतं. तेही खोटं ठरलं. दुसऱ्या दिवशी उन्हातून फिरून आल्यावर समोर गडद लाल सरबताचे पेले आले. पुनर्पुळी, ती म्हणाली. घोट घेतला तर कोकम! तेच झाड, तेच फळ, पण ते सरबताला आणि साराला जातं, पुळीमुंचीत चिंचच. एकाच किनाऱ्यावर दोन आंबटांनी आपापली कामं अशी वाटून घेतली आहेत, आणि हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.

त्या दिवशी सकाळी सेंट अलॉयशियस चॅपेल पाहिलं होतं. भिंतींपासून छतापर्यंत अंतोनियो मोस्केनी या इटालियन चित्रकाराने १८९९ पासून रंगवलेली चित्रं आहेत. मान दुखेपर्यंत पाहावीत अशी. तिथून रथबीदीला, वेंकटरमण देवळाच्या रस्त्यावर आलो आणि कानांना एकदम ओळखीचं लागलं. दुकानदार गिऱ्हाइकाशी कोंकणीत बोलत होता. तुळू मला अवाक्षर कळत नाही, पण इथलं 'खंय' ऐकून हसूच आलं. याच रस्त्यावर सातारकरणीला बिस्कुट अंबडे मिळाले, आलं-मिरचीचे उडदाच्या डाळीचे गोल खुसखुशीत वडे. खोबरेल तेलाच्या वासाने ती पहिल्या दिवशी बिचकली होती. तिसऱ्या दिवशी तण्णीरभावीच्या वाळूवर चुरमुरी खाताना, त्यात कच्चं खोबरेल कालवलेलं असूनही, दुसरी पुडी तिनेच मागितली. सुलतान बत्तेरीहून होडीने नदी ओलांडली की ही पुळण लागते: एका बाजूला गुरुपुरा नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र.

कोरी रोट्टीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती कशी खायची हे कुणी आधी सांगत नाही. कोरी म्हणजे कोंबडी. रोट्टी म्हणजे तांदळाची कागदासारखी पातळ, कडकडीत वाळवलेली पोळी. ती हाताने मोडून ताटलीभर पसरायची आणि वर कोंबडीची गस्सी ओतायची. गस्सी खोबऱ्याचीच, पण आपल्या मालवणी रश्श्यासारखी काळपट नाही. आपण सुकं खोबरं खरपूस भाजतो. त्यांचं ओलं खोबरं जेमतेम परततं, वर ब्याडगीचा रंग आणि नारळाचं दूध. त्यामुळे रंग भडक आणि तिखट मात्र सौम्य. पहिले काही घास रोट्टी कुरकुरते, मग मऊ पडते, आणि शेवटी ताटलीत राहतो तो रस्सा प्यायलेला चोथा. तो सर्वांत चांगला. नीर दोसे आले तेव्हा मला काही शिकावं लागलं नाही. नीर म्हणजे पाणी. पाण्यासारख्या तांदळाच्या पिठाचं ते आपलं घावनच, त्रिकोणी घडी घातलेलं. सोबत मरवाय, म्हणजे तिसऱ्या, आणि त्याचं नावही आपल्या सुक्यासारखंच, सुक्का.

रात्री मंगळूरच्याच लालबाग भागात, पब्बास या आइस्क्रीमच्या दुकानात गडबड खाल्लं. उंच पेल्यात आइस्क्रीमचे थर, मध्ये जेली, फळांचे तुकडे, सुका मेवा. घाईगडबडीत हाताला लागेल ते एकत्र करून दिलं म्हणून हे नाव, असं सांगतात. पब्बास आयडियल आइस्क्रीमवाल्यांचं, आणि आयडियल १९७५ पासूनचं. मंगळूरकरणीची शाळेच्या निकालाची प्रत्येक आठवण या पेल्यात आहे. ती सांगत होती आणि आम्ही लांब चमच्यांनी तळ गाठत होतो.

शेवटची सकाळ तिच्या घरी. अम्मांना मराठी येत नाही, मला तुळू येत नाही. दार उघडताच त्यांनी विचारलं, "वणस आंडा?" जेवण झालं का? सकाळचे आठ वाजले होते. चार दिवसांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की मान आपोआप हलली, नाही म्हणून. त्यांनी खोलगट ताटल्या मांडल्या आणि पातेल्यातून गंजी वाढली. उकड्या तांदळाची, पाण्यासकट, वाफाळती. बाजूला लोणचं आणि सुक्या माशाची खोबरं घातलेली चटणी. सातारकरणीला वेगळी, नुसत्या खोबऱ्याची.

ती पेज होती. आजी शेतावरून आली की अशीच बसायची, ताटली तोंडाला लावून निवळ प्यायची, मग चटणीला बोट लावून शितं खायची. मी ताटली उचलली आणि तसंच केलं. अम्मा काही बोलल्या, लेकीने भाषांतर केलं: "पाहुणे चमचा मागतात, हिला कसं कळलं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. घसा भरून आला होता.

निघताना मी आईने दिलेली सोलं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ब्याडगी मिरच्यांची पिशवी, कोरी रोट्टीचं पाकीट आणि पुळीमुंचीचा वाटलेला मसाला बरणीत घालून दिला. मसाल्यात चिंच आधीच आहे, आणखी आंबट घालू नका, हे लेकीकडून दोनदा सांगवलं.

घरी आले त्याच रात्री बांगडे आणून पुळीमुंची केली. थोडी दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवली, सांगितलं होतं तशी. आईने चाखली. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बरी आहे गं. पण आमसूल कुठाय?" सकाळी उठून पाहिलं तर झाकण बाजूला होतं आणि उरलेल्या मसाल्यात चार तिरफळं तरंगत होती.