पावसाळ्यातला रिपोर्ट

पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार होती. पंप धुणाऱ्या माणसाला तर चांगलाच झटका बसला होता. हात ओले आणि पायाखाली सांडलेलं पाणी. बाकी सगळं आवार कोरडं ठणठणीत. उन्हाळ्याची अखेर होती, जमिनीला भेगा पडलेल्या. सुपरवायझरांचं म्हणणं एकच, "साहेब, अर्थिंग ओके आहे, रिपोर्ट आहे माझ्याकडे." रिपोर्ट खरा होता. अर्थिंगचा, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या रॉडचा, रोध ८ ओहम; हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. तारीख मात्र भर पावसाळ्यातली.

पंपाच्या बॉडीपासून रॉडकडे जाणाऱ्या अर्थच्या वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर १.२ अँपिअर. लांबवर जमिनीत खुंटी ठोकून पंपाच्या बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजलं, ८५ च्या आसपास. भागाकार केला की ७० ओहम निघतात, म्हणजे हा रोध मोजणारा अर्थ टेस्टर पेटीतून काढायच्या आधीच अंदाज आला. करंट फार वाढला की सप्लाय तोडणारा १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा करंटला पडणार कशाला? पडायला हवा होता आरसीसीबी, म्हणजे वीज गळतेय हे ओळखून सप्लाय तोडणारा स्विच. तो बोर्डात होता, पण वरून खाली तार टाकून बायपास केलेला. सुपरवायझर म्हणाले, "सारखा पडायचा हो!" ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी एवढ्या गळतीला पडणारच की. अख्ख्या बोर्डात तो एकटाच इमानेइतबारे काम करत होता, आणि त्यालाच गप्प बसवलं.

सप्लाय बंद केला, वायर रॉडपासून सोडवली आणि टेस्टर जोडला. करंटची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची साधारण १८ मीटरवर. कोरड्या मातीत आकडा स्थिरच होईना, म्हणून दोन्ही खुंट्यांच्या बुडाशी पाणी ओतलं. हे चालतं, या खुंट्यांचा रोध रीडिंगमध्ये येत नाही. आकडा आला ७२.

ते पाणी ओतणं पाहून सुपरवायझर बादली घेऊन थेट अर्थ पिटकडे, म्हणजे रॉड पुरलेल्या खड्ड्याकडे गेले. माती पाणी पीत गेली तसा आकडा उतरला, ६०, ५० करत ४१ वर आला. "बघा, आलं की खाली! करा सही." मी म्हटलं, उद्या दुपारी बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी ६५.

पिटमधली माती खरवडली तेव्हा कारण दिसलं. चिकणमाती सुकून आक्रसली होती, रॉड आणि मातीच्या मधे फट. करंगळी घातली तर पेरभर आत गेली. रॉड स्वच्छ, क्लॅम्प घट्ट, गंजाचा मागमूस नाही. मातीतून वीज जाते ती मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या जोरावर. पाणी उडून गेलं की क्षार तिथेच राहतात, पण उपयोगाचे राहत नाहीत. त्यात रॉडचा बहुतेक रोध असतो तो त्याला लागून असलेल्या मातीत, आणि तिथेच ही फट.

इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला तर मोटरचं इन्सुलेशन गेलेलं. ही गळती कदाचित पावसाळ्यापासूनच असेल. ८ ओहमला बॉडीवर जेमतेम १४ व्होल्ट येतात, कुणाच्या लक्षात येणार? मोटर तीच, गळती तशीच. माती सुकली आणि १४ चे ८५ झाले.

उपायांची चर्चा नेहमीचीच झाली. कुणी म्हणालं जाड रॉड टाका. व्यास दुप्पट केला तरी रोध जेमतेम दहा टक्के उतरतो, त्यामुळे त्यात पैसा घालण्यात राम नाही. मीठ टाकायला मी नेहमीच नकार देतो; पावसाबरोबर ते वाहून जातं, तोवर रॉड मात्र खातं. खोली वाढवणं हाच खरा मार्ग. जुना रॉड ३ मीटरचा होता, म्हणजे बराचसा सुकलेल्या थरातच. थोडं अंतर सोडून नवा रॉड ठोकायला घेतला, कपलरने तुकडे जोडत जोडत, आणि प्रत्येक जोडाला रीडिंग. ४ मीटरपर्यंत आकडा ५५ च्या आसपासच रेंगाळत होता आणि हातोडा मारणारे दोघंही वैतागले होते. त्यापुढे रॉड सहज उतरायला लागला. ६ मीटरला १४ ओहम, तेही पाण्याचा थेंब न टाकता.

मोटर रिवाइंडिंगला पाठवली, बायपासची तार काढून टाकली. सुपरवायझरांनी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं, पडला. पण ते बटण आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. रॉड तुटलेला असला तरी तो पडतोच. म्हणून आरसीसीबी टेस्टरने फेजपासून अर्थवर चाचणीचा करंट सोडला. तेव्हाही पडला. मग सही केली आणि तारखेशेजारी लिहिलं : माती कोरडी, पिटमध्ये पाणी टाकलेलं नाही.