तुम्ही विचारलंत म्हणून : न झालेली गाणी कशाला ऐकायची?

"बीटल्सची दोनशेच्या वर गाणी आहेत. ती सोडून त्यांच्या नकलाकारांनी रचलेली गाणी कसली ऐकता?"

सर्बियातल्या एका ट्रिब्यूट बँडचा (म्हणजे दुसऱ्या बँडची गाणी त्यांच्याच ढंगात वाजवणाऱ्यांचा) विषय निघाला की हा प्रश्न येतोच. बीटल्स या साठच्या दशकातल्या इंग्रज चौकडीची जी गाणी अर्धवट राहिली किंवा हरवली, ती पूर्ण झाली असती तर कशी वाजली असती, हे मनाशी धरून त्या मंडळींनी अख्खा अल्बम केला. मला असे प्रयत्न मनापासून आवडतात. विचारणाऱ्याला मात्र त्यात लबाडी दिसते, निदान वेळेचा अपव्यय तरी. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मी ती ऐकते ते बीटल्स जास्त नीट ऐकू यावेत म्हणून. झालेलं गाणं कानात इतकं मुरलेलं असतं की ते कुणीतरी, कधीतरी, बसून ठरवलं होतं हेच आपण विसरतो. ते तसंच असणार होतं असं वाटायला लागतं. अर्धवट गाणं पुढे नेणाऱ्याला मात्र पावलोपावली ठरवावं लागतं, आणि त्याचा अंदाज चुकला की मूळ मंडळी तिथे काय करत असत ते लख्ख कळतं.

आता ही गाणी हरवली कशी, ते सांगायला हवं. लिव्हरपूलमध्ये फोर्थलिन रोडवर बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचं घर होतं. वडील कामावर गेले की जॉन लेनन आणि तो शाळेला दांडी मारून तिथे गिटारी घेऊन समोरासमोर बसायचे. पॉल डावखुरा, जॉन उजवा. शाळेच्या वहीत शब्द लिहायचे आणि पानाच्या डोक्यावर 'लेनन-मॅकार्टनी' यांची आणखी एक अस्सल रचना, अशा अर्थाची ओळ. दोघांनाही स्वरलेखन येत नव्हतं आणि टेपरेकॉर्डर जवळ नव्हता, त्यामुळे चाल फक्त डोक्यात राहायची. दुसऱ्या दिवशी आठवली नाही तर ती चांगली नव्हतीच, असा त्यांचा हिशेब होता, असं पॉलने पुढे सांगितलं आहे. 'जस्ट फन', 'टू बॅड अबाउट सॉरोज' या त्या काळातल्या गाण्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. तुकड्यांपलीकडे हाती काही नाही.

ते तुकडे मिळाले १९६९च्या जानेवारीत. ट्विकनहॅमच्या स्टुडिओत बीटल्सच्या सरावाचं चित्रीकरण चालू होतं आणि फिल्मवाल्यांची नाग्रा टेपयंत्रं तासन् तास फिरत होती. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात जॉन आणि पॉल जुनी पोरवयातली गाणी आठवून एखाददुसरी ओळ म्हणतात, हसतात, सोडून देतात. त्याच जुन्या साठ्यातलं 'वन आफ्टर ९०९' नशीबवान ठरलं. ३० जानेवारीला लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावरच्या त्यांच्या कचेरीच्या गच्चीवर ते पूर्ण ताकदीने वाजलं आणि १९७०च्या 'लेट इट बी' अल्बमवर आलं. त्याच्या बरोबरीची बाकीची तशीच राहिली.

याच टेपांवर 'वॉचिंग रेनबोज' नावाचं एक प्रकरण आहे. जॉर्ज हॅरिसन १० जानेवारीला बँड सोडून निघून गेला होता, आणि उरलेले तिघे जे सुचेल ते वाजवत होते. जॉन गातोय, शब्द जागच्या जागी जुळवतोय, ड्रम आणि बाकीची वाद्यं त्याच्या मागे ओढली जातायत. पक्की रचना अशी नाही. आता हे गाणं पूर्ण करायला घेतलं असं समजा. पहिलाच प्रश्न: जॉर्जची गिटार घालायची का? घातली, तर तुम्ही त्याला काही दिवस आधीच परत आणलंत. नाही घातली, तर चार जणांच्या बँडचं गाणं तिघांवर उभं करावं लागेल. दुसरा प्रश्न मिडल एटचा. दोन कडव्यांनंतर चाल जिथे वळण घेते त्या भागाला बीटल्स मिडल एट म्हणत, मग त्यात बार, म्हणजे तालाची आवर्तनं, आठ असोत की नसोत. हा भाग जॉनने लिहिला असता की पॉलने? जॉनची चाल पुष्कळदा एकाच सुराभोवती रेंगाळते आणि खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलत राहतात. पॉलची चाल चढते, उतरते, लांब उड्या मारते. अशी गाणी पूर्ण करणारे बहुतेक जण इथे मार खातात, कारण गोड चाल सुचली की तीच ठेवायचा मोह होतो आणि मग जॉनचं गाणं बघता बघता पॉलचं होऊन बसतं. हे कानाला जाणवलं ना, की पुढे मूळ रेकॉर्ड ऐकतानाही कुठल्या ओळीवर कुणाचा हात आहे ते ओळखू यायला लागतं.

ड्रमचं तर विचारूच नका. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार जन्माने डावखुरा, पण वाजवायचा उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेल्या ड्रमसेटवर. उजवा वादक डावीकडच्या स्नेअर ड्रमवरून टॉम, तिथून उजवीकडचा मोठा फ्लोअर टॉम असा सरळ फिरतो, कारण त्याचा पुढचा हात त्याच दिशेला असतो. रिंगोचा पुढचा हात डावा. तो तसाच निघाला तर हात एकमेकांत अडकतात. म्हणून त्याचे फिल, म्हणजे दोन ओळींमधले ड्रमचे छोटे तुकडे, किंचित थांबून येतात, वेगळ्याच ड्रमवरून सुरू होतात, कधी उलटे फिरतात. आपल्याला ड्रमवरून झरझर फिरता येत नाही आणि त्याचं कारण हेच, असं तो स्वतः सांगत आलाय. ट्रिब्यूट बँडमधला ड्रमर फिल सही सही वाजवतो, मात्रा बरोबर, आवाज बरोबर, आणि तरी काहीतरी जास्तच गुळगुळीत लागतं. ते थांबणं गेलेलं असतं. ज्या बँडच्या ड्रमरला ते सापडलंय, त्याचं काल्पनिक गाणं मी पुन्हा लावते.

मी स्वतः हौशी बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवते, म्हणून बेसबद्दल थोडं. १९६७च्या सुमारास पॉल पुष्कळदा बेस सगळ्यात शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर रेकॉर्ड करायला लागला. गाणं जवळजवळ पूर्ण झालेलं, गायकी कानावर पडतेय, आणि मग तो बेसची वेगळी चाल बांधतोय. सगळ्यांबरोबर एकदम वाजवताना ते होत नाही, आम्ही सरावात करून पाहिलंय. एकदम वाजवताना बेसवाला ड्रमरकडे बघत राहतो. शेवटी वाजवताना तो गायकाला उत्तर देऊ शकतो. ज्यांनी १९६३च्या गाण्याची कल्पना करताना बेस ड्रमला बांधून ठेवलाय आणि १९६७च्या गाण्यात तो मोकळा सोडलाय, त्यांनी अभ्यास केलाय हे लगेच कळतं. उलट मेलोट्रॉनची (टेपवर भरलेले वाद्यांचे आवाज पट्टी दाबून काढणाऱ्या वाद्याची) बासरी, उलटी फिरवलेली गिटार, तुतारीचा एक तुकडा असा सगळा मालमसाला एकाच गाण्यात ओतला असेल तर मी ते अर्ध्यात बंद करते.

नक्कल ऐकून माणसं फसतात का? फसतात. १९७८ साली नील इनेसने 'द रटल्स' या विडंबनपटासाठी बीटल्सच्या धाटणीची गाणी लिहिली. जुन्या रेकॉर्ड समोर न ठेवता, फक्त आठवणीवर. त्यातलं 'चीज अँड अनियन्स' पुढे एका चोरट्या रेकॉर्डवर जॉन लेननचं गाणं म्हणून चक्क विकलं गेलं. बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने दावा लावला आणि श्रेयात लेनन-मॅकार्टनी यांची नावं घालावी लागली. मला यात इनेसवर अन्याय झाला असं वाटतं. कान इतका तयार असणं हा गुन्हा नाही. शिवाय त्याने आपलं नाव लपवलं नव्हतं, लबाडी केली ती चोरटी रेकॉर्ड काढणाऱ्याने. लबाडीच्या आरोपाला माझं उत्तर एवढंच आहे: पाटीवर खरं नाव असलं की मला चालतं.

आणि हे सर्बियात व्हावं याचं मला मुळीच नवल वाटत नाही. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात बीटल्सवर पडदा नव्हता. झाग्रेबच्या युगोटोन कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड रीतसर परवान्याने काढल्या. पोरं रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लावून गाणी कानाने उतरवून घ्यायची. १९६६ साली बेलग्रेडमध्ये 'गितारियादा' नावाची बँडची मोठी स्पर्धा भरली. परक्या गाण्याला आपल्या भाषेतले शब्द चढवून गायची तिथे चांगलीच रीत होती, त्याला ते 'प्रेपेव' म्हणतात. शब्द आपले, चाल त्यांची, असं करत एक पिढी वाढली. त्यांच्यानंतरच्यांनी चालही आपणच बांधून पाहिली तर तो त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

आता ज्यांना मुळाशिवाय काहीच नको, त्यांना मी 'नाऊ अँड देन'बद्दल विचारते. जॉनने १९७०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर गायलेली कॅसेट. त्याची पत्नी योको ओनोने ती १९९४ साली पॉलला दिली. १९९५मध्ये जॉनमागे उरलेल्या तिघांनी प्रयत्न केला, पण पियानोत बुडालेला आवाज आणि टेपची घरघर यांमुळे काम सोडलं. २००१मध्ये जॉर्ज वारला. पुढे आवाज वेगळा काढणारं तंत्र आलं आणि २ नोव्हेंबर २०२३ला गाणं बाहेर पडलं. त्यात जॉनच्या मूळ रचनेतला एक भाग गाळलाय. जुन्या बीटल्स-गाण्यांतले कोरसचे तुकडे मागे विणलेत. स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवतात ती) पॉलने जॉर्जच्या ढंगात वाजवली, त्याची आठवण म्हणून. म्हणजे मित्राने हे कसं वाजवलं असतं, हा अंदाज खुद्द पॉलला बांधावा लागला. तो सोलो ऐकताना माझ्या घशाशी येतं. त्याला कुणी बनावट म्हणेल का?

संगणकाकडून जॉनचा आवाज तयार करून घेतलेली गाणी मात्र मी ऐकत नाही. 'नाऊ अँड देन'मध्ये जॉन खरंच गायलाय, यंत्राने त्याला फक्त पियानोपासून सोडवलंय. ट्रिब्यूट बँडमध्येही कुणीतरी माणूस आपल्या गळ्याने गातो आणि त्याला ते कमी पडतं तेव्हा ऐकू येतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणं मला सहन होत नाही, मग ते कितीही हुबेहूब असो.

सुरुवात कुठून करू असंही विचारता, तर 'चाइल्ड ऑफ नेचर'पासून करा. हृषीकेशच्या १९६८च्या मुक्कामातून आलेलं जॉनचं गाणं, शब्दांत हृषीकेशचं नावही आहे. त्या मेच्या शेवटी ईशर इथल्या जॉर्जच्या घरी गिटारींवर त्याचं कच्चं रेकॉर्डिंग झालं, २०१८ साली ते अधिकृतपणे निघालं. त्याच वर्षीच्या बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'मध्ये त्याला जागा मिळाली नाही. १९७१मध्ये जॉनने तीच चाल नव्या शब्दांनिशी 'जेलस गाय' म्हणून केली, पियानो आणि तंतुवाद्यांसह, आणि ती इतकी गाजली की आता आधीचं गाणं तिच्याशिवाय ऐकणंच अवघड झालंय. अवघड आहे म्हणूनच म्हणते, करून बघा. पियानो डोक्यातून काढा, तंतुवाद्यं काढा. साल १९६८, चौघं एका खोलीत. रिंगोने पहिल्या कडव्यापासून वाजवायचं, की दुसऱ्यात यायचं? जॉर्जने काय करायचं? ठरवा आणि मला कळवा. माझ्या मते रिंगो दुसऱ्या कडव्यात, फ्लोअर टॉमवर, आणि ब्रशने.