डा म्हणजे पाणी

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत नवीनच रुजू झालो होतो. पहिलीतली एक मुलगी सकाळपासून ‘डा, डा’ करत होती. मी तिला दोनदा गप्प बसवलं. मधल्या सुट्टीत चौथीतला तिचा भाऊ आला, “गुरुजी, तिला पाणी पाहिजे.” पोटात कालवलं.

तिच्या घरची बोली कोरकू. ही मुंडा कुळातली आदिवासी भाषा, मराठीशी तिचं नातंच नाही. मुलं मठ्ठ नसतात हो, त्यांना आपलं बोलणं कळत नसतं! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषेतून शिकवा असंच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी माठावर खडूनं लिहिलं : डा, पाणी. ‘डा’ तिनंच गिरवला, काना जरा वाकडा. तो मी पुसलेला नाही.