प्लेगची खाच अखेर टिकली

मुंबई बेटाची लोकसंख्या मी काचेच्या स्तंभात उतरवते आहे: दर जनगणनेची एक चकती, तिचा व्यास लोकसंख्येइतका, आणि चकत्या एकावर एक रचून भट्टीत जोडलेल्या. शुक्रवारी रात्री भट्टी पूर्ण निवल्यावर झाकण उघडले आणि १८८१ ते १९११ या चार जनगणनांच्या चकत्या प्रथमच एकसंध बाहेर आल्या. याआधी हाच गठ्ठा सलग तीन वेळा तडकला होता, आणि तिन्ही वेळा भेग १८९१ व १९०१ च्या मधोमध गेली होती.

या स्तंभात नेमकी हीच जागा मला सर्वांत मोलाची वाटते. १८९१ मध्ये बेटावर ८,२१,७६४ माणसे होती. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला, असंख्य माणसे दगावली, असंख्य शहर सोडून गेली, आणि १९०१ च्या गणतीत ७,७६,००६ उरली. दहा हजार माणसांना व्यासाचा एक मिलिमीटर या प्रमाणात ही घट ४.६ मिलिमीटर भरते, म्हणजे कडेला जेमतेम २.३ मिलिमीटरची पायरी. व्यासाऐवजी क्षेत्रफळ लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवावे, हा काहींचा आग्रह चकती वरून पाहण्यासाठी रास्तच आहे. परंतु स्तंभ बाजूने पाहिला जातो, तिथे नजर रुंदीच वाचते.

फुल फ्यूजला, म्हणजे चकत्या पूर्ण वितळवून एकजीव केल्यास, काच वाहून कडा गोलावतात आणि प्लेग नाहीसाच होतो. म्हणून ७६० अंश सेल्सिअसवर टॅक फ्यूज, म्हणजे कडा शाबूत ठेवून चकत्या नुसत्या चिकटवणे, घेत होते. पायरी राहत होती, पण गठ्ठा तडकत होता. भेगेच्या कडा धारदार होत्या, म्हणजे ती निवताना पडली होती. त्यामुळे मी अनीलिंगचा सोक, म्हणजे आतला ताण निघावा म्हणून काच एका तापमानावर धरून ठेवण्याचा वेळ, एका तासावरून दोन आणि मग चार तासांवर नेला, तरीही फरक पडला नाही. अखेर तुकडे दोन आडव्या-उभ्या पोलरायझिंग फिल्ममध्ये धरले (तिथे काचेतला ताण उजेडासारखा दिसतो), तेव्हा लख्ख प्रभा केवळ १८९१ च्या चकतीभोवती दिसली. अनीलिंग अपुरे असते, तर सोक वाढवल्यावर ताण कमी झाला असता. हा ताण हटला नाही, याचा अर्थ ती काचच वेगळ्या प्रसरणाची, म्हणजे तापताना-निवताना इतरांपेक्षा कमी-जास्त फुगणारी-आकसणारी, होती. ती चकती काचवाल्याकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून कापलेली होती. फ्लोट काच (वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवलेली साधी खिडकीची काच) दिसायला सारखी असली तरी सारखी नसते, त्यामुळे तुकडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, असे माझे आता ठाम मत आहे. या वेळी चारही चकत्या एकाच तावातून कापल्या, सर्वांची टिन बाजू, म्हणजे कथिलाला टेकलेली बाजू, खाली ठेवली, आणि पायरी धारेसकट टिकली. बाजूने पाहिल्यास काचेचा हिरवा रंग तिथे क्षणभर आत ओढल्यासारखा दिसतो. ते पाहत मी बराच वेळ बसले होते.

अमेरिकन काचकलाकार नॉरवुड विव्हियानो यांनी अमेरिकेतील २४ शहरांची लोकसंख्या फुंकलेल्या काचेत उतरवली, तेव्हा वळणांचा मऊपणा त्या माध्यमातच होता. मला मात्र गणती ते गणती अशी पायरी हवी आहे.

पुढचा प्रश्न आकाराचा आहे. २००१ ची ३३,३८,०३१ लोकसंख्या ३३४ मिलिमीटर मागते आणि माझ्या भट्टीची फळी ३०० ची आहे. प्रमाण निम्मे करायचे ठरवले होते. पण हे लिहितानाच लक्षात येते की तसे केल्यास प्लेगची पायरी सव्वा मिलिमीटरही उरणार नाही. त्यापेक्षा १९४१ पर्यंतचा भाग भट्टीत जोडावा आणि १९५१ पासूनच्या चकत्या न वितळवता, कडा घासून, मधोमध भोक पाडून स्टीलच्या दांड्यावर ओवाव्यात. १९४१ ते १९५१ मध्ये व्यास १४९ वरून थेट २३३ वर जातो, त्यामुळे सांधा बदलण्यास तीच जागा योग्य आहे. उद्या १८७२ ची चकती त्याच तावातून कापते.